आमच्या दावणीला गोचीड नाही

माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना अजून सुई टोचलेली कळत नाही. रक्ताचा ठिपका ब्लाउजपिसावर उमटला की मग समजतं, टोचली वाटतं. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे परवडत नाही. म्हणून हल्ली मी बोटात अंगुस्तान घालते आणि पांढरं कापड शक्यतो घेत नाही.

काय झालं होतं गं तुला, असं अजून कुणी ना कुणी विचारतं. मी म्हणते, गोचिडाचा ताप. तो तर जनावरांना येतो, असं उत्तर येतं. हो, आणि माणसालाही येतो. एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, आणि मला तेच तेच सांगायचा कंटाळा आहे. तेव्हा एकदाच लिहून ठेवते. डॉक्टरकीतलं यात काही शोधू नका, मला त्यातलं कळत नाही. मला काय झालं आणि ते का चिघळलं, एवढंच मला ठाऊक आहे.

आणखी एक. 'मला काहीच वाटलं नाही' अशा अर्थाचं वाक्य पुढे बऱ्याचदा येईल. तसंच होतं, त्याला माझा इलाज नाही.

पहाटेचं काम

राजुरीत आमचं घर बैलगाड्याचं. ओझ्याचा गाडा नव्हे, शर्यतीचा. जत्रेच्या दिवसांत घाटात चार बैल जुंपून गाडा सोडतात, पुढे घोडी धावते, आणि गाडा झटक्यात वर पोचला की लोकांच्या टोप्या उडतात. माझ्या सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही म्हणते. आबांचा जीव पाखऱ्या नावाच्या बैलात. आमच्या लग्नाचा अल्बम कपाटात साड्यांखाली आहे आणि पाखऱ्याचा फोटो बाहेरच्या खोलीत काचेच्या फ्रेममध्ये. यावरून काय ते समजा.

आबांची एक ठरलेली बढाई होती. बैल बघायला पाहुणे आले, चहा झाला, की आबा त्यांना गोठ्यात न्यायचे आणि पाखऱ्याच्या कानामागे हात घालून म्हणायचे, "फिरवा हात. कुठंबी फिरवा. आमच्या दावणीला गोचीड न्हाई. एक जरी सापडला तर ही मिशी उतरवीन." मिशीही तशीच होती, भरघोस, पांढरी, टोकं वर वळवलेली. पाहुणे हात फिरवायचे. कधी काही सापडलं नाही.

सापडत नव्हतं, कारण पहाटे उठून मी ते काढलेले असायचे.

लग्न होऊन दुसरा आठवडा होता. सासूबाईंनी मला उजाडायच्या आत उठवून गोठ्यात नेलं आणि बैलाच्या कानामागे, मानेखाली लोंबणाऱ्या पोळीत, शेपटीखाली, मांड्यांच्या खाचेत कुठे बघायचं ते दाखवलं. गोचिडांचं औषध मिळतं, जनावरांचे डॉक्टर फवारूनही देतात. पण गाडेवाल्यांचा एक समज आहे की औषध लागलं की बैल आळसावतो, घाटात दम धरत नाही. शिवाय अंगाला औषधाचा वास आला की दुसरे गाडेवाले नाक मुरडतात, ह्याच्या गोठ्यात गोचीड आहेत म्हणून. त्यामुळे सगळं हातानं. काढलेला गोचीड नुसता टाकला तर परत चढतो, म्हणून तो दोन्ही अंगठ्यांच्या नखांमध्ये धरून चिरडायचा. टच् असा आवाज येतो. दावणीजवळच्या दगडावर बोटं पुसायची, राखेनं हात घासायचे आणि चहा टाकायला जायचं.

"ह्यांच्या उठायच्या आदी उरकायचं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "आन् ह्यांच्याम्होरं कदी बोलायचं न्हाई."

त्यांनी तीस वर्षं केलं, मी अठरा. दिवसभर सुई टोचून टोचून माझी बोटं चाळणी झालेली असायची आणि त्याच बोटांनी मी रोज पहाटे ते रक्तानं टरारलेले किडे फोडत होते. आज लिहिताना अंगावर काटा येतो. तेव्हा ते केर काढण्याइतकं साधं काम होतं.

ताप

गावची जत्रा आठ दिवसांवर आली होती. मी पाखऱ्यासाठी झूल शिवत होते, जांभळ्या मखमलीवर आरशांचं काम. दुपारी मशीनवर बसल्या बसल्या डोकं असं ठणकायला लागलं की मला टीप सरळ दिसेना. संध्याकाळी ताप भरला. उन्हाचं असेल म्हणून मी कांदा ठेचून तळपायांना लावला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गोठ्यात गेले. जत्रा जवळ आली की पाहुणे जास्त येतात, त्यामुळे गोचीड जास्त नीट काढावे लागतात.

गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवस इंजेक्शनं दिली. सगळीकडे तापाची साथ आहे, म्हणाले. चौथ्या दिवशी मी न्हाणीघरात गेले आणि मला बादली उचलता येईना. बादलीकडे बघत तशीच खाली बसले. सासूबाईंनी दार वाजवलं तरी 'ओ' द्यावीशी वाटेना. ओ द्यायला काय लागतं? तोंड उघडायचं फक्त. तेही नको वाटत होतं.

माझे मिस्टर चाकणला कंपनीत आहेत. ते सुट्टी टाकून आले आणि गाडी करून मला मंचरच्या एका दवाखान्यात नेलं.

किवी

रक्त तपासलं. पेशी कमी झाल्या होत्या. पेशी कमी म्हणजे डेंग्यू, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे, त्यामुळे रिपोर्ट यायच्या आधीच नातेवाइकांनी निकाल लावला. किवीची फळं आली. पपईच्या पानांचा रस आला, तोही तीन घरांतून तीन बाटल्यांत. कडू जहर. मी निमूट प्यायले. कुणी प्या म्हटलं की प्यायचं, कूस बदला म्हटलं की बदलायची. खिडकीखाली हायवे होता, कांद्याबटाट्याचे ट्रक दिवसभर हॉर्न वाजवत जायचे. एरवी मी वैतागले असते. तिथं मात्र तो आवाज चालू आहे म्हणजे मी आहे, असा काहीतरी हिशेब माझ्या डोक्यात बसला होता.

एका नर्सला पहिल्याच फटक्यात शीर सापडायची. ती ड्युटीवर आली की मला बरं वाटायचं. आजारपणात आनंद किती लहान होतो, याचं हे माप.

भीती वाटत होती का? नाही. मुलगी दहावीची परीक्षा देऊन घरी होती, ती रोज दुपारी यायची आणि माझे केस विंचरायची. विंचरताना ती एकाच बटेवरून पुन्हा पुन्हा फणी फिरवत राहायची. हिला भीती वाटतेय, एवढं समजायचं. त्यापुढे मन जायचं नाही.

प्रश्न

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. वयानं लहान, पण बघायची सवय चांगली. त्यांनी माझे तळहात उघडून बघितले, मग पायांवरची चादर सारून तळपाय बघितले. दोन्हीकडे लाल-जांभळट ठिपके उठले होते. बाकी अंगावरचं पुरळ सगळ्यांनी बघितलं होतं, तळपाय कुणी बघितले नव्हते. मीही नाही.

"घरी जनावरं आहेत का?" त्यांनी विचारलं.

कॉटच्या एका बाजूला आबा उभे होते, दुसऱ्या बाजूला सासूबाई. आबांचा चेहरा खुलला. "हायेत म्हंजे? पाखऱ्याचं नाव ऐकलं न्हाई व्हय तुमी?"

"गोचीड असतात का त्यांच्या अंगावर?"

आबा ताठ झाले. हात मिशीकडे गेला. "बाई, कुणालाबी इचारा. आमच्या दावणीला गोचीड न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई सलाइनच्या बाटलीकडे बघत होत्या. मग डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"ताई, नीट आठवून सांगा. एखादा चावला, हातानं काढला, असं काही? त्यावर औषध बदलतं."

मला ऐकू आलं. अर्थही कळला. तापानं शुद्ध गेली होती, कळलं नाही, असं म्हणता आलं असतं, पण ते खोटं होईल. मला सगळं कळत होतं. मी डोळे मिटले आणि मान हलवली. नाही.

असं का केलंत, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. माझ्याकडे एकच उत्तर आहे. मरणाची भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. परक्या बाईसमोर आबांची मान खाली जाईल, याची मात्र वाटली. अठरा वर्षं जी गोष्ट तोंडातून काढायची नाही म्हणून गिळली, ती एका प्रश्नानं वर येत नाही.

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डेंग्यूचा रिपोर्ट येऊ दे, मग बघू." आणि त्या पुढच्या कॉटकडे गेल्या.

मावशी

डेंग्यूचा रिपोर्ट 'नाही' असा आला. तोवर मला धाप लागली होती आणि डाव्या हाताच्या बोटांची टोकं निळी पडायला लागली होती. मला काचेच्या दारामागच्या खोलीत हलवलं. तिथं बाहेरच्या माणसांना बसू देत नाहीत. ट्रकचे हॉर्नही तिथं येत नव्हते.

सकाळी अंग पुसायला मावशी आल्या. दवाखान्यात साफसफाई आणि पेशंटचं सगळं बघणाऱ्या बाई, मूळच्या डोंगराकडच्या आहुपे गावच्या. हात काळे, खरबरीत आणि फार हलके. गरम पाण्याची वाटी त्यांनी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघितली, मग माझा हात त्यात बुडवला. एक एक बोट पुसता पुसता त्या थांबल्या.

"बाय, हे नखात काय बसलंय?"

अंगठ्यांच्या नखांच्या कडेला तपकिरी रेघ होती. ती कधीच जायची नाही.

"कापडाचा रंग," मी म्हटलं.

"रंग न्हाई ह्यो. आमच्याकडंबी ढोरं हायेत. गोचीड चिरडतीस ना नखात?"

मी बोटं परत वाटीतल्या पाण्यात बुडवली.

"डाक्टरीणबाईला सांगितलंस?"

"सासरे बाहेर बसलेत," मी म्हटलं. मला तेवढं उत्तर पुरेसं वाटलं.

मावशींनी वाटी खाली ठेवली. "मग बसू दे की. त्ये काय तुज्या अंगातला ताप काढनार हायेत? ह्ये बघ, मी सांगनार न्हाई. तुजं तोंड हाये, तू सांग. पर आज सांग. तुजी बोटं काळी पडाय लागली, उद्याचं मला ठावं न्हाई."

कुणीतरी इतकं सरळ बोललं, तेच मला फार बरं वाटलं. आठवडाभर सगळे मला 'काही होत नाही गं' म्हणत होते.

डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. तब्येत बिघडली म्हणून घरच्यांनाही आत बोलावलं होतं. माझे मिस्टर, सासूबाई आणि आबा एका ओळीत उभे राहिले. डॉक्टरीणबाई त्यांना काहीतरी समजावत होत्या. मी मध्येच बोलले. माझा आवाज मलाच शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"गोचीड आहेत. रोज पहाटे मीच काढते. नखानं मारते."

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली आणि परत घातली.

"काल विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

माझे मिस्टर एकदा बापाकडे आणि एकदा आईकडे बघत होते. शेवटी सासूबाई बोलल्या. "तिची चूक न्हाई बाई. माज्यापास्नं चालत आलंय त्ये."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं आणि नर्सला हाक मारली. खात्रीची तपासणी पुण्याला पाठवू, पण तिची वाट बघत बसायला वेळ नाही, औषध आत्ताच सुरू करायचं, असं त्या म्हणाल्या. औषधही काही नवलाईचं नव्हतं. जुनं, साधं, गावातल्या मेडिकलमध्येही मिळेल असं. अख्खा एक दिवस ते माझ्यापासून फक्त एका वाक्यावर होतं.

मिशी

दोन दिवसांत ताप उतरायला लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी डोळे उघडले तर काचेच्या दारापलीकडे आबा उभे होते. डोक्यावर टोपी, अंगात पांढरा सदरा. आणि मिशी नव्हती.

आमच्याकडे घरात कुणी गेलं की पुरुष डोकं आणि मिशी उतरवतात. टोपीखालचं डोकं मला दिसत नव्हतं. मी विचार करायला लागले, कोण गेलं? सासूबाई तर आबांच्या शेजारीच उभ्या होत्या. माझे मिस्टर पाठीमागे फोनवर बोलत होते. मुलगी बाकावर बसून केळं खात होती. मग राहिलं कोण? तर मी. म्हणजे मीच गेले असणार, असं मला अगदी शांतपणे वाटलं. वाईटही वाटलं नाही. झूल अर्धी राहिली, एवढंच मनात आलं. मग मी परत झोपले.

माझा गैरसमज तापातला होता, गावाचं तसं नव्हतं. आबांनी मंचरलाच एका दुकानात मिशी उतरवली होती. तसेच ते जनावरांकडे बघायला राजुरीला गेले. एसटीतून उतरताना लोकांनी त्यांना पाहिलं आणि तासाभरात मी वारल्याची बातमी गावभर झाली. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कुणीतरी माझा फोटो टाकून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. फोटो हळदीकुंकवाचा, एक डोळा मिटलेला. निदान बरा फोटो तरी टाकायचा. खाली हात जोडलेले बरेच आले. मुलीनं 'आई जिवंत आहे' असं लिहिलं, तरी तिच्या खालीही दोघींनी हात जोडले. एक गिऱ्हाईक बाई तर आमच्या घरी येऊन स्वतःचं ब्लाउजपीस शोधून घेऊन गेली. मी वाचल्यावर ते परत आणून दिलं, मापाला अजून सैल ठेव म्हणाली.

मिशी का उतरवली, हे माझ्या मिस्टरांनी त्यांना विचारलं होतं. "सबूद दिला व्हता," एवढंच ते म्हणाले. त्या जत्रेत घाटात पळायची पाखऱ्याची बारी झाली नाही. आबांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून साऱ्या दावणीवर औषध फवारून घेतलं. वास लांबवर जात होता, असं मुलगी सांगत होती.

घरी

घरी आले तेव्हा लोकांना वाटलं, मी हसेन, रडेन. मी दोन्ही केलं नाही. जेवणाला चव नव्हती, मीठ जास्त झालं तरी कळायचं नाही. डाव्या अंगठ्याचं नख गळालं, बोटांची कातडी काळी होऊन सालीसारखी निघाली. खाली नवी, गुलाबी आली, पण स्पर्शाचं काही ती शिकली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल हळूहळू, कदाचित पूर्ण येणार नाही. बोटं राहिली हेच खूप, असंही म्हणाल्या. मला ते पटतं. अजून फक्त पटतंच, वाटत नाही.

माझे मिस्टर बापाशी बोलेनात. एकदा माझ्यावरही ओरडले, "तू का नाही बोललीस? तुला तोंड नव्हतं?" प्रश्न बरोबर होता. सासूबाई मला पुढ्यात बसवून भात कालवून भरवायच्या.

महिन्याभरानं एका दुपारी मी मशीनवर सराव करत होते. जुन्या चादरीवर नुसत्या सरळ टिपा. आबा आले आणि उंबऱ्यावर बसले. ते कधी असे बसत नाहीत.

"मंगल," ते म्हणाले, "मला ठावं व्हतं."

मी मशीन थांबवलं.

"पयल्यापास्नं. तुज्या सासूच्या आदी माजी आई काढायची. दावणीपाशी त्यो दगड हाये ना, त्याच्यावर रगताचे ठिपके असायचे रोज. मला काय दिसत न्हाईत? रोज सकाळी मीच त्याच्यावर पानी वतायचो. कुनाला दिसाय नको म्हून."

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा?" मी म्हटलं.

"तवाबी ठावं व्हतं." त्यांचा हात सवयीनं ओठावर गेला आणि तिथं काही नव्हतं. "वाक्य आपसूक निघालं तोंडातनं. रोजचंच. मागं घ्याया जीभ वळली न्हाई. म्या म्हनलं, बाई काय ती दवा देतीलच. आन् मग तुज्या बोटांकडं बघितलं."

म्हणजे त्या दिवशी कॉटभोवती आम्ही तिघं होतो, तिघांनाही खरं माहीत होतं, आणि तिघंही एकमेकांसमोर ते गिळून उभे होतो. मला काहीच वाटलं नाही. थोड्या वेळानं मी उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायचा तांब्या उचलला आणि भिंतीवर फेकला. तांब्याला पोचा पडला तो अजून आहे. राग आला होता, असं त्यावरून समजलं.

मी त्यांना माफ केलं का? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. मी रोज त्यांना चहा देते, त्यात साखर असते.

ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांना

गोचीड नखात मारू नका. चिमट्यानं धरा, हातमोजे घाला आणि झाकणाच्या बाटलीत रॉकेल किंवा फिनेल घेऊन त्यात टाका. आमच्याकडे हे काम आता आबा करतात, उजेडात, अंगणाच्या बाजूला तोंड करून. बाटली खिडकीत असते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. ताप आला, डोकं फार दुखलं, अंगावर पुरळ उठलं तर तळहात-तळपाय बघा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा की घरी जनावरं आहेत. शेजारी कोण उभं आहे ते बघू नका. मी बघितलं, म्हणून ही बोटं अशी आहेत.

पाहुणे

परवाची गोष्ट. मंचरहून दोघेजण पाखऱ्याला बघायला आले होते. मी खिडकीशी ब्लाउज शिवत होते, पांढरं कापड. ओळखीच्या बाईनं गळ घातली म्हणून घेतलं होतं. चहा झाला आणि आबा त्यांना गोठ्याकडे घेऊन निघाले. मिशी परत फुटली आहे, पण अजून दात घासायच्या ब्रशाएवढीच.

त्यांतल्या एकानं हसत पाखऱ्याच्या कानामागे घालायला हात पुढे केला. सगळ्यांना पुढचं पाठ आहे. माझा पाय मशीनवर थांबला.

"थांबा पावणं," आबा म्हणाले. "हात लावू नका. गोचीड असतंय."

"काय चेष्टा करता राव! तुमच्या दावणीला?"

"आमच्याच दावणीला," आबा मोठ्यानं म्हणाले, घरात ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. "माजी सून मरता मरता वाचली. मी खोटं बोललो म्हून."

पाहुणे काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. पांढऱ्या कापडावर, माझ्या डाव्या अंगठ्याजवळ एक ठिपका उमटला होता. सुई टोचली असणार म्हणून मी घाईनं कापड उजेडात धरलं. रक्त नव्हतं, पाणी होतं.